आतल्या खोलीतली डिस्क

विमल सेलूकरांना काकासाहेब मिसाळांचा राग आला तो दोन हजार पाच सालच्या ऑगस्ट महिन्यात, आणि पुढं एकोणीस वर्षं त्यांनी तो जराही निवू दिला नाही. जालन्यात त्यांच्या गल्लीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीला माहीत होत्या त्या टायपिंगवाल्या विमलकाकू. अर्ज, लग्नपत्रिका, शपथपत्रं टाइप करून देणाऱ्या, कमी बोलणाऱ्या, शुद्धलेखनाची चूक दिसली की गिऱ्हाइकालाच झापणाऱ्या.

त्या मूळच्या मंठ्याच्या. वडील पोस्टमास्तर. पोस्टातल्या जुन्या टाइपरायटरवर बोटं आपटत त्या मोठ्या झाल्या आणि लग्न होऊन जालन्याला आल्या तेव्हा मिनिटाला पन्नास मराठी शब्द टाइप करत होत्या. नवरा केशव पाटबंधारे खात्यात कारकून, सरळ माणूस, भांडणाच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा. मुलगा मुकुल शाळेत जायला लागला तशा विमलबाई मिसाळसरांच्या टायपिंग क्लासमध्ये शिकवायला लागल्या.

सत्त्याण्णव साली सरांनी टाइपरायटर विकून चार कॉम्प्युटर घेतले. मोठी पाटी लावली. फुलांचे हार घातले, नारळ फोडला, आणि मग कळलं की मशीन सुरू करण्यापलीकडं क्लासमध्ये कुणालाच काही येत नाही. सरांना तर तेवढंही नाही. विमलबाईंनी इंग्रजी पुस्तकं आणली, शेजारी शब्दकोश ठेवला आणि रोज दुपारी एकेक पान फोडत त्या शिकल्या. वर्षभरात क्लास भरून वाहायला लागला.

मग सरांनी परतूरला आणि मंठ्याला शाखा काढल्या. तिथं रोज एसटीनं जाऊन शिकवायला कुणी तयार होईना. तेव्हा विमलबाईंना सुचलं, की धडेच सीडीवर उतरवू. स्क्रीनवर काय करायचं ते दिसेल, बाजूनं आपण मराठीत सांगू. पोरी बघून बघून शिकतील. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा मागून आणला. रविवारी क्लास बंद असायचा तेव्हा दार लावून, पंखा बंद करून, घामानं थबथबत त्यांनी चोवीस धडे बोलून काढले. सहा डिस्क झाल्या. पहिला संच त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः 'जाळला', म्हणजे कोऱ्या डिस्कवर उतरवला. 'जाळला' हा शब्द मुकुलला फार आवडायचा.

परतूरच्या पोरींनी त्यांना कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं, पण त्यांचा आवाज पाठ झाला होता. एकदा परतूरच्या बसस्टँडवर त्यांनी कंडक्टरला काहीतरी विचारलं, तर मागून दोन पोरी ओरडल्या, "अगं, सीडीवाल्या बाई!" विमलबाईंनी तो दिवस नंतर कितीतरी वेळा मनात घोळवला.

दुसऱ्या वर्षी सरांनी त्याच डिस्कची नवी छपाई केली. वेष्टनावर सरांचा कोट घातलेला फोटो. खाली 'संकल्पना, लेखन व मार्गदर्शन: काकासाहेब मिसाळ'. विमलबाई जिथं सुरुवातीला समोर बसून आपलं नाव सांगत होत्या तो भाग कापलेला. आवाज राहिला, माणूस गेला.

त्या सरांना विचारायला गेल्या.

"सर, माझं नाव?"

"अहो विमलबाई, क्लासचं नाव तेच तुमचं नाव," सर हसून म्हणाले.

त्यांनी तेही गिळलं असतं. पण पंधरा दिवसांनी, ऑगस्टच्या एका दुपारी, क्लास सुटायच्या वेळेला सरांनी तीस पोरींसमोर त्यांची पिशवी मागितली. आतून सहा डिस्कचा संच निघाला. सहाव्या धड्यात एक चूक राहिली होती ती सुधारायला म्हणून त्यांनी तो घरी न्यायला घेतला होता. सरांनी तो वर धरला.

"बघा. क्लासचा माल चोरून बाहेर विकून राह्यल्या ह्या बाई. मीच इश्वास टाकला, चूक माझीच."

विमलबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. आयुष्यभर त्यांना ह्याचीच चीड येत राहिली. सरांच्या बोलण्यापेक्षाही आपल्या न बोलण्याची. पिशवी काखेला लावून त्या तीस पोरींच्या मधून चालत गेल्या आणि एका पोरीनं पाय मागं घेतला, जणू विटाळ होईल.

चोर हा शब्द जालन्यात एसटीपेक्षा जोरात धावला. दोन क्लासवाल्यांनी आधी बोलावून मग "सध्या जागा न्हाई" म्हणून सांगितलं. केशवराव म्हणाले, "जाऊ दे विमल. देव बघतो." विमलबाई म्हणाल्या, "देवाला टायपिंग येत नाही." त्यांनी घरातच टेबल मांडलं.

वर्षं गेली. मुकुल शिकून पुण्याला नोकरीला लागला. त्यानं आईला एक पातळ लॅपटॉप आणून दिला. सुंदर होता, पण त्याला डिस्क घालायला जागाच नव्हती.

"आई, आता कोण वापरतंय डिस्क?"

"लोक वापरतात. एमआरआयची डिस्क देतात दवाखान्यातून. अंबडचे वकील सीसीटीव्हीच्या घेऊन येतात. लग्नाच्या तर घरोघरी पडल्यात. कुणाकडंच उघडत न्हाईत म्हणून माझ्याकडं येतात."

"मंग बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागवून देतो ना."

"घरात चांगला ड्राइव्ह असताना?"

चांगला ड्राइव्ह होता तो आतल्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपला. ते धूड हलवायची सोय नव्हती आणि बाहेरच्या खोलीतल्या गिऱ्हाइकांना आत बसवायची त्यांची इच्छा नव्हती. म्हणून विमलबाईंनी दोन दुपारी खर्ची घालून ते दोन्ही कॉम्प्युटर घरच्या वायफायवर एकमेकांना दाखवले. दोघांच्या नेटवर्कमधल्या गटाचं नाव एक करावं लागलं. डेस्कटॉपवर ड्राइव्हच्या चिन्हावर जाऊन तो वाटून घ्यायची परवानगी द्यावी लागली. तरी लॅपटॉप पासवर्ड मागत राहिला, तर तोही अडथळा त्यांनी दूर केला. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बाहेरच्या लॅपटॉपवर 'विमल' नावाचा कॉम्प्युटर दिसला, त्याच्या पोटात ड्राइव्ह दिसला, आणि त्यात शेजारच्या भगवतीदेवींच्या गुडघ्याचे फोटो. विमलबाईंनी एकट्यानंच टाळी वाजवली.

तेव्हापासून पद्धत ठरली. डिस्क त्या आत नेऊन घालायच्या, गिऱ्हाईक बाहेर आपला लॅपटॉप वायफायला जोडून हवं ते उतरवून घ्यायचं. फक्त वाचता येईल, पुसता येणार नाही. पेनड्राइव्ह मात्र त्या घरात चालू देत नव्हत्या. एकदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनं त्यांचं तीन महिन्यांचं काम खाल्लं होतं.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी दुपारी, अर्पित नावाचा तरुण जिना चढून आला. सव्वीस-सत्तावीसचा. घरचं कापडाचं दुकान, पण हा कार्यक्रमांचे व्हिडिओ बनवायचा. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात सहा डिस्कचा संच.

"आंटी, तुमच्याकडं सीडी चालतात म्हणे? अख्खं मार्केट फिरून आलो. कुणाकडंच ड्राइव्ह न्हाई."

विमलबाईंनी चष्मा लावला. वेष्टनावरचा कोट पिवळा पडला होता, पण माणूस तोच होता.

"कशाला पाह्यजेत?"

"परवा रविवारी मिसाळसरांचा सत्कार आहे ना. जुने विद्यार्थी करून राह्यले. जालन्यात कॉम्प्युटर त्यांनीच आणला म्हणे. तर ह्यातली पहिली चार मिनटं मोठ्या पडद्यावर जशीच्या तशी लावायची. सरांच्या घरून आणली ही सीडी. जल्दी होईल का? अजून अकरा क्लिप जोडायच्यात."

"बसा," विमलबाई म्हणाल्या.

त्या डिस्क घेऊन आत गेल्या. पहिली ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरला. त्यांनी कानाला हेडफोन लावून धडा उघडला आणि त्यांचाच एकेचाळीस वर्षांच्या वयाचा आवाज म्हणाला, "आता डाव्या हाताचं मधलं बोट इथं ठेवा." ना चेहरा, ना नाव.

त्यांना सगळ्यात आधी आठवली ती पाय मागं घेणारी पोरगी.  टेबलावर कात्री होती. टोकानं एक रेघ ओढली असती तर सरांच्या सत्काराचा पडदा कोरा राहिला असता. त्यांनी कात्री उचललीसुद्धा. मग वाटलं, कोरा पडदा म्हणजे पुन्हा न बोलणंच झालं. त्यानं सरांचं काय जाणार? 'तांत्रिक अडचण' म्हणतील आणि हार घालतील.

कात्री खाली ठेवून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागं, घरी जाळलेला पहिला संच होता. काहीही कापण्याच्या आधीचा, रेकॉर्डिंग झालं तसाच्या तसा. त्यातली पहिली डिस्क त्यांनी साडीच्या पदरानं पुसली, ड्राइव्हमधली सरांची बाहेर काढली आणि आपली आत सरकवली. नावं तीच होती, 'धडा एक', 'धडा दोन'. घरघर थांबेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"आली का हो?" त्यांनी आतून विचारलं.

"आली आंटी, दिसून राह्यली."

बाहेर येऊन त्या अर्पितच्या मागं थांबल्या. त्याचा फोन चालू होता. खांद्यानं फोन कानाशी धरून त्यानं आवाज बंद ठेवूनच धडा उघडून पाहिला. पडद्यावर लांब वेणीची, काळ्या केसांची बाई नमस्कार करत होती. त्यानं वळून पाहिलंही नाही. समोरची पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली आंटी आणि ती बाई ह्यांचा संबंध त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

"हेच आहे ना? बराबर?"

"बिलकुल बराबर," विमलबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी स्वतःसाठी चहा टाकला आणि दोन कप प्यायल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

रविवारी संध्याकाळी त्या केशवरावांना घेऊन हॉलवर गेल्या. रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. केशवराव पांढरेफटक पडले.

"विमल, एकोणऐंशीचे आहेत ते. ऐकूसुद्धा येत नाही धड."

"माझी बोलती बंद केली तेव्हा मी बेचाळीसची होते. तेव्हा कुणी माझं वय मोजलं न्हाई."

हॉल खच्चून भरला होता. परतूर, मंठा, अंबडहून माणसं आली होती. त्यातल्या बऱ्याच बायका आता चाळिशीच्या, नोकऱ्या करणाऱ्या, पोराबाळांच्या. विमलबाई तिसऱ्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर मिसाळसर, कानात मशीन, डोक्यावर फेटा, हातात नारळ. म्हातारे झाले होते. विमलबाईंनी मनात दयेला जागा आहे का ते तपासून पाहिलं. नव्हती.

दिवे मंद झाले. निवेदक म्हणाला, "सरांनी स्वतः तयार केलेला मराठवाड्यातला पहिलावहिला संगणकाचा धडा, आपल्यासाठी."

पडद्यावर वेणीवाली बाई आली. नमस्कार करून म्हणाली, "मी विमल केशव सेलूकर. हे चोवीस धडे मी लिहिलेत आणि मीच तुम्हाला शिकवणार आहे. घाबरू नका. मीसुद्धा ह्या मशीनला घाबरत होते."

हॉलमध्ये कुजबूज उठली. उजवीकडून परतूरच्या बायकांमधून एक आवाज आला, "अगं, सीडीवाल्या बाई!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धडा पुढं चालू राहिला. बोटं कुठं ठेवायची, मधलं बोट, करंगळी. शेवटी दार उघडल्याचा आवाज आला आणि पडद्याबाहेरून मिसाळसरांचा वीस वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज, "विमलबाई, झालं का तुमचं? मला उद्या परतूरला भाषण द्यायचंय. हे काय असतं ते जरा कागदावर लिहून द्या बुवा. मला तर ते मशीनसुद्धा चालू करता येत न्हाई."

सगळा हॉल हसला. आधी कुणाला आवरेना, मग एकदम सगळे गप्प झाले. शांततेत खुर्च्यांची करकर ऐकू आली.

आणि मिसाळसर हसत होते. पडदा त्यांच्या पाठीशी होता, कानातल्या मशीनमध्ये गोंगाट भरला होता. लोक कौतुकानं हसले असं समजून त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.  एकोणीस वर्षं ज्या माणसाला हे ऐकवायचं होतं, त्यानं ऐकलंच नव्हतं.

केशवरावांनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या. कुणी अडवलं नाही. त्या सरांच्या खुर्चीशी वाकल्या आणि मशीन लावलेल्या कानाशी म्हणाल्या, "सर, मी विमल सेलूकर. आत्ता माझी डिस्क लागली. तुम्ही कापलेली न्हाई, माझी. नावासकट. तुमचा आवाजपण आहे तीत."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मागं वळून पडद्याकडं पाहिलं. तिथं वेणीवाली बाई तशीच थांबवलेली होती. हातातला नारळ मांडीवर आला.

"अजून होती व्हय तुमच्याकडं?" ते हळूच म्हणाले.

एवढंच. पण विमलबाईंना तेवढं पुरलं. ह्या माणसाला कायम माहीत होतं. विसरलेला नव्हता, चुकलेला नव्हता.

त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा स्थिर निघाला.

"दोन हजार पाच साली सरांनी तीस पोरींपुढं मला चोर म्हटलं. त्या तीसपैकी आज कुणी इथं असेल. चोरी काय झाली आणि कुणी केली, ते तुम्ही आत्ता पाहिलं. माझं एवढंच होतं. आता सरांना हार घाला, माझी ना न्हाई."

त्या खाली उतरल्या. हार घातला गेला की नाही ते पाहायला त्या थांबल्या नाहीत. दाराशी चार-पाच बायका आडव्या आल्या. एकीनं वाकून पाया पडायला पाहिलं, दुसरी रडायलाच लागली. विमलबाईंनी कुणाला जवळ घेतलं नाही. त्यातली एक त्या तीसपैकी असेल, असं त्यांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्पित आला. बसला नाही.

"आंटी, मी तुम्हाला विचारलं होतं. बराबर आहे का. तुम्ही बराबर म्हणाल्या."

"हो."

"समितीवाले मला बोलून राह्यले. माझ्या दादाजींना, बालकिशनजींना, फोन आला, तुमच्या नातवानं सुपारी घेतली म्हणून. मला काही माहीतसुद्धा नव्हतं."

 सरांचा सूड उगवताना विमलबाईंनी दुसऱ्या एका माणसाच्या नावाला काळं लावलं होतं, आणि ते कसं असतं हे जालन्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी सरांच्या सहा डिस्क त्याच्या हातात दिल्या. मग टेबलाशी बसून एक पत्र टाइप केलं. डिस्क मी बदलली, अर्पितला काहीही माहीत नव्हतं, फसवणूक सर्वस्वी माझी. खाली सही केली. अर्पितनं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि गेला. तो परत कधी त्यांच्याकडं आला नाही. रस्त्यात दिसला तरी मान वळवतो.

मिसाळसर आठवड्यानं आले. रिक्षातून उतरून, काठी टेकत, एकेक पायरीला थांबत जिना चढले. केशवरावांनी धावत जाऊन हात दिला. बाहेरच्या खोलीत बसवलं. विमलबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

सर बराच वेळ पाणी पीत राहिले.

"त्या वेळी तुम्हाला दुसऱ्या क्लासकडून बोलावणं आल्तं," शेवटी ते म्हणाले. "माझ्या कानावर आलं. तुम्ही गेल्या असत्या तर पोरी तुमच्या मागं गेल्या असत्या. डिस्क तुमच्या नावाची असती तर क्लासच बसला असता. मंग मी... आधी बोलून टाकलं."

"मी जाणार नव्हते," विमलबाई म्हणाल्या. "मी त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं."

सरांचा हात तांब्यावरच थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा सैल पडला. रविवारी हॉलमध्ये जे पाहायला मिळालं नव्हतं ते विमलबाईंना आत्ता समोर दिसत होतं, आणि त्यांनी ते नजर न काढता पाहिलं.

"माफी करा विमलबाई."

"तुम्ही म्हणालात, मी ऐकलं."

"केली ना पण?"

 आतल्या खोलीत डेस्कटॉप चालू होता, त्याचा पंखा तेवढा वाजत होता. केशवराव दाराशी उभे राहून बायकोकडं आशेनं बघत होते. मग ते नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "सर, चहा घेऊन जा ना."

"दूध संपलंय," विमलबाई म्हणाल्या.

दूध संपलेलं नव्हतं. ओट्यावर दुधाच्या गंजात जाळीनं झाकून ठेवलेलं होतं, आणि सरांच्या खुर्चीतून ते सरळ दिसत होतं. सरांनी गंजाकडं पाहिलं, मान हलवली आणि काठीवर भार देऊन उठले. केशवराव त्यांना धरून जिना उतरायला गेले. विमलबाईंनी रिकामा तांब्या उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घातला.